मार्सेयच्या इमारती कोणाकडे तोंड करून उभ्या आहेत?

मराठी वाचकाला मार्सेय हे शहर बहुधा एकाच प्रसंगामुळे ठाऊक असते, आणि तेही ‘मार्सेलिस’ या इंग्रजी वळणाच्या नावाने. ८ जुलै १९१० रोजी सकाळी विनायक दामोदर सावरकरांनी ‘मोरिया’ या आगबोटीच्या गोल खिडकीतून समुद्रात उडी घेतली, पोहत धक्का गाठला, तिथे ते फ्रेंच शिपायाच्या हाती सापडले आणि पुन्हा बोटीवर नेले गेले. २४ फेब्रुवारी १९११ रोजी हेगच्या लवादाने निवाडा दिला की, या अटकेत अनियमितता झाली असली तरी सावरकरांना फ्रान्सच्या ताब्यात परत देण्याचे बंधन ब्रिटनवर नाही. हा प्रसंग मनात आणताना आपण एकच बंदर डोळ्यांसमोर उभे करतो. प्रत्यक्षात मार्सेयला बंदरे दोन आहेत. पहिले जुने बंदर म्हणजे टेकड्यांच्या कुशीत शिरलेली आयताकृती खाडी, जिच्या काठाने शहर वाढले. दुसरे म्हणजे तिच्या उत्तरेला १८४४ पासून समुद्राला बांध घालून तयार केलेल्या गोद्यांची लांबलचक रांग. ‘मोरिया’सारख्या मोठ्या आगबोटी या दुसऱ्या बंदराला लागत. त्यामुळे जुन्या बंदराच्या धक्क्यावर उभे राहून ‘इथेच ती उडी’ म्हणणारा पर्यटक चुकीच्या पाण्याकडे पाहत असतो.

दोन बंदरांतला हा फरक लक्षात घेतला की शहराच्या वास्तूंचा इतिहासही उलगडू लागतो. देवळाबद्दल बोलताना आपण ते पूर्वाभिमुख आहे की पश्चिमाभिमुख हे आधी सांगतो. घर पाहायला गेलो की त्याचे तोंड कुठे आहे हे विचारतो. मार्सेयमध्ये हाच प्रश्न घेऊन फिरावे. शैली, शतके आणि राजांची नावे नंतर येऊ द्यावीत. इमारत कोणाकडे तोंड करून उभी आहे आणि कोणाकडे पाठ फिरवून, हे आधी पाहावे.

इ. स. पूर्व ६०० च्या सुमारास आशिया मायनरमधील फोकाया या ग्रीक नगरातून, म्हणजे आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरून, आलेल्या दर्यावर्दींनी या खाडीच्या उत्तर काठावर वसाहत केली आणि तिला मस्सालिया हे नाव दिले. आख्यायिका अशी की स्थानिक राजाची मुलगी जिप्टिस हिच्या स्वयंवराच्या दिवशीच ही गलबते येऊन पोहोचली आणि तिने पाण्याचा प्याला पाहुण्या ग्रीक तरुणाच्या, प्रोटिसच्या, हाती दिला. आख्यायिका बाजूला ठेवली तरी जागेची निवड डोळसपणे केलेली होती. मिस्त्राल नावाचा बोचरा वायव्य वारा या किनाऱ्याला झोडपून काढतो, पण खाडीचे तोंड अरुंद असल्याने आतले पाणी शांत राहते, आणि उत्तरेच्या टेकड्यांवर वस्ती केली की समुद्र व जमीन या दोन्ही बाजूंवर नजर ठेवता येते.

१९६७ मध्ये शेअर बाजाराच्या इमारतीमागे नव्या बांधकामासाठी खोदाई सुरू झाली, तेव्हा जमिनीखाली ग्रीक तटबंदी आणि प्राचीन बंदराचा धक्का निघाला. म्हणजे खाडी पूर्वी आजच्यापेक्षा बरीच आत शिरत होती. गाळाने भरत गेली आणि तिचा तो कोपरा विस्मृतीत गेला. आज तिथे उद्यान आहे. जिथे गलबते नांगरत तिथे हिरवळ आहे, धक्क्याचे चिरे मात्र जागच्या जागी आहेत, आणि बाजूच्या खरेदी-संकुलातून पिशव्या घेऊन बाहेर पडणारी माणसे त्या चिऱ्यांवरून खाली डोकावतात. याच ठिकाणी १९७४ मध्ये रोमन काळातील एका मालवाहू जहाजाचा सांगाडा सापडला. पाण्याने फुगलेले लाकूड वाळून तडकू नये म्हणून ते गोठवून कोरडे करण्यात आले आणि आता ते शेजारच्या संग्रहालयात आहे. पुढे १९९० च्या दशकात जवळच्याच एका चौकात सापडलेल्या ग्रीक होड्यांपैकी एकीचे तक्ते चक्क दोरीने शिवलेले होते. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर काथ्याने तक्ते शिवून होड्या बांधण्याची परंपरा होती, हे ज्यांना माहीत आहे त्यांना या होडीपुढे थोडे अधिक थांबावेसे वाटेल.

इ. स. पूर्व ४९ मध्ये सीझर आणि पाँपी या रोमन सेनानींच्या यादवीत मस्सालियाने पाँपीची बाजू घेतली, सीझरच्या सैन्याने वेढा घातला आणि शहराचे स्वातंत्र्य गेले. रोमन काळाच्या खुणा या शहरात तुलनेने कमी उरल्या आहेत, त्यामुळे तिथे फार रेंगाळण्याचे कारण नाही.

खाडीच्या दक्षिण काठावरचा सेंट व्हिक्टरचा मठ मात्र चुकवू नये. पाचव्या शतकात जॉन कॅसियन या साधूने जुन्या दफनभूमीजवळ तो स्थापन केला. आज दिसणारी वास्तू मध्ययुगीन असून तिचे दंतूर कंगोऱ्यांचे जाड बुरूज पाहिले तर हे चर्च आहे की गढी, असा प्रश्न पडतो. चौदाव्या शतकात, पूर्वी याच मठाचा प्रमुख असलेल्या पाचव्या अर्बन पोपने ही तटबंदी भक्कम करून घेतली. समुद्रावरून येणाऱ्या चाच्यांची भीती खरी होती आणि मठ तटाबाहेर होता, तेव्हा भिंतींनाच तटाचे काम करावे लागले. दरवर्षी २ फेब्रुवारीला इथे मेणबत्त्यांचा सण असतो. पहाटेच्या अंधारात जुन्या बंदरावरून मिरवणूक निघते, तळघरातली सावळ्या रंगाची मेरीची मूर्ती बाहेर काढली जाते, लोकांच्या हातात हिरव्या मेणबत्त्या असतात, आणि नंतर सर्वजण शेजारच्या भट्टीवरून होडीच्या आकाराची बिस्किटे घेतात. ही बिस्किटे चांगलीच टणक असतात, त्यांना संत्र्याच्या फुलांच्या अर्काचा वास असतो आणि मधोमध होडीच्या पोटासारखी चीर असते.

बंदराच्या तोंडावरचे दोन किल्ले ही या शहराची सर्वांत बोलकी वास्तू आहे, असे माझे मत आहे. उत्तरेला सेंट जाँ आणि दक्षिणेला सेंट निकोला. बंदराच्या तोंडाशी किल्ला म्हटले की आपण सिंधुदुर्ग किंवा जंजिऱ्याच्या सवयीने तोफा समुद्राकडे वळलेल्या असणार असे गृहीत धरतो. इथे तसे नाही. मार्सेय हे व्यापारी शहर आपला कारभार आपण करणारे, करांवरून कुरकुरणारे आणि राजाच्या अधिकाऱ्यांना न जुमानणारे होते. १४८१ मध्ये ते प्रोव्हाँस प्रांताबरोबर फ्रेंच राजाकडे आले खरे, पण बंडखोरपणा गेला नाही. अखेर १६६० मध्ये चौदाव्या लुईने सैन्य पाठवून शहर ताब्यात घेतले आणि स्वतः वेशीतून न येता, तटाला पाडलेल्या खिंडारातून प्रवेश केला. जिंकलेल्या शहरात शिरण्याची ही रीत होती, आणि राजाला नेमके तेच दाखवायचे होते. त्याच वर्षी सेंट निकोलाचे बांधकाम सुरू झाले. समोरच्या काठावर सेंट जाँच्या संन्यासी-योद्ध्यांचे जुने ठाणे आणि पंधराव्या शतकात रने राजाने बांधलेला चौकोनी बुरूज होता. त्याभोवती पुढे नवी तटबंदी आली. दोन्ही किल्ल्यांच्या तोफांना बंदराचे रक्षण करता येत होते, पण त्यांची खरी नजर शहरावर होती. लोकांनीही हे ओळखले होते. फ्रेंच राज्यक्रांती सुरू झाल्यावर १७९० मध्ये मार्सेयकरांनी सेंट निकोलाचा काही भाग कुदळींनी पाडला.

चौदाव्या लुईच्याच काळात राजाच्या आदेशाने शहर पूर्वेकडे आणि दक्षिणेकडे वाढवण्यात आले. कानबिएर हा प्रसिद्ध रस्ता तेव्हाचा. त्याच्या नावाचे मूळ दोरखंडांसाठी लागणाऱ्या वाखात आहे, कारण बंदराच्या या टोकाला दोर वळणाऱ्यांचे काम चाले. उत्तर काठावरचे नगरभवन सतराव्या शतकातले असून त्याचे तोंड सरळ पाण्याकडे आहे. त्यात एक गंमत आहे. खालच्या मजल्यावर व्यापाऱ्यांचे व्यवहार चालत, वरच्या मजल्यावर नगरशासक बसत आणि या दोन मजल्यांना जोडणारा जिनाच आत नव्हता; वर जायचे तर मागच्या इमारतीतून छोट्या पुलावरून यावे लागे. शहरात कोण कोणाच्या शेजारी बसतो आणि कोण कोणाला भेटत नाही, हे आराखड्यातच ठरलेले होते.

नगरभवनामागे चढत जाणाऱ्या पानिए या जुन्या वस्तीत ‘व्हिएई शारिते’ नावाची वास्तू आहे. नावाचा अर्थ ‘जुने धर्मादाय गृह’. १६७१ मध्ये तिचे काम सुरू झाले आणि ते पूर्ण व्हायला १७४९ उजाडले. वास्तुकार पिएर पुजे हा मार्सेयचाच, शिल्पकार म्हणून अधिक नावाजलेला. गल्लीतून पाहिले तर दगडी, जवळजवळ आंधळी भिंत दिसते. आत गेल्यावर मात्र मोठा आयताकृती चौक लागतो. चारी बाजूंना तीन मजली कमानींच्या ओसऱ्या, फिकट गुलाबी छटेचा दगड, आणि मधोमध लंबगोल घुमटाचे देखणे प्रार्थनागृह. एखाद्या मोठ्या वाड्याच्या चौकात आल्यासारखे वाटते. पण वाड्याला बाहेर खिडक्या कमी असतात त्या खासगीपणासाठी. इथे त्या कमी आहेत कारण शहरातले भिकारी आणि निराधार पकडून या भिंतींआड कोंडले जात, आणि त्यांना रस्त्याचे दर्शन होऊ नये, रस्त्याला त्यांचे होऊ नये, अशी योजना होती. इतकी सुंदर ओसरी कोंडलेल्या माणसांसाठी बांधली जावी, यात पुजेचा मोठेपणा आहे की त्या काळाचा निष्ठुरपणा, हे मला ठरवता आलेले नाही. विसाव्या शतकात ही वास्तू मोडकळीस आली होती, तिच्यात गरीब कुटुंबे राहत होती. आधुनिक वास्तुकार ल कॉर्ब्युझिए यांनी तिच्या मोलाकडे लक्ष वेधले, १९५१ मध्ये तिला संरक्षित दर्जा मिळाला आणि १९८६ पर्यंत जीर्णोद्धार पूर्ण झाला. आता तिथे संग्रहालये आहेत.

समुद्रावर अवलंबून असलेल्या शहराला समुद्राचे भयही असते. २५ मे १७२० रोजी पूर्व भूमध्य किनाऱ्यावरून कापडाच्या गाठी घेऊन ‘ग्राँ सेंट-आंत्वान’ हे जहाज आले. प्रवासातच त्यावर माणसे दगावली होती, तरीही विलगीकरणाचे नियम सैल करून माल किनाऱ्यावर येऊ दिला गेला. त्या मालात नगरशासकांपैकी एकाचाही हिस्सा होता. प्लेगने सुमारे ९०,००० वस्तीच्या शहरातील निम्मी माणसे नेली. बंदरासमोरच्या फ्रिऊल बेटावर एकोणिसाव्या शतकात, पिवळ्या तापाच्या धास्तीने, बांधलेले कॅरोलिन रुग्णालय म्हणजे या आठवणीचे दगडी रूप होय. त्याच्या इमारती वाऱ्याच्या झोतात, मोकळ्या ठेवल्या गेल्या, कारण दूषित हवा वाहून जावी अशी तेव्हाची समजूत होती.

शेजारच्या इफ बेटाचा गोव्याशी अनपेक्षित संबंध आहे. गुजरातचा सुलतान दुसरा मुझफ्फर शाह याने पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्कला एक गेंडा भेट दिला. तो जानेवारी १५१५ मध्ये गोव्याहून लिस्बनला रवाना झाला आणि पोर्तुगालच्या राजाने पुढे तो रोमला पोपकडे धाडला. वाटेत १५१६ च्या आरंभी जहाज मार्सेयजवळच्या या बेटाला लागले आणि फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा मुद्दाम तो पाहायला आला. बिचारा गेंडा पुढे इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाजासकट बुडाला. त्याच राजाने १५२० च्या दशकात त्या बेटावर किल्ला बांधायला घेतला. लढाईपेक्षा तुरुंग म्हणूनच हा किल्ला अधिक गाजला.

एकोणिसाव्या शतकात शहराने तोंडच फिरवले. जुनी खाडी अपुरी पडू लागली, आगबोटींना खोल पाणी हवे होते आणि अल्जिरिया फ्रेंचांच्या ताब्यात आल्यावर व्यापार फुगला. झोलिएत ही पहिली नवी गोदी १८५३ पर्यंत तयार झाली. तिच्या काठाला लंडनच्या गोद्यांच्या धर्तीवर ३६५ मीटर लांबीचे कोठार उभे राहिले. वर्षाच्या दिवसांइतकी लांबी हा योगायोग मार्सेयकर कौतुकाने सांगतात. १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि मुंबई या गोद्यांच्या बरीच जवळ आली. लंडनला निघालेले मुंबईचे उतारू मार्सेयला उतरून पुढे आगगाडी पकडत आणि समुद्राचे काही दिवस वाचवत. सप्टेंबर १९१४ मध्ये पश्चिम आघाडीवर निघालेले भारतीय सैनिकही मार्सेयलाच उतरले. शहराच्या दक्षिण भागात माझार्ग इथे त्यांतल्या अनेकांच्या कबरी व स्मारक आहे. शहराच्या उत्तरेच्या कारखान्यांतली, खाचांनी एकमेकांत अडकणारी चपटी कौलेही याच गोद्यांतून जगभर गेली. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला तोही अशाच फ्रेंच नमुन्यावर, तेव्हा कोकणातल्या घरावरचे मंगलोरी कौल हे मार्सेयच्या कौलाचे भावंड ठरते.

पैसा आला, पण प्यायला पाणी नव्हते. १८३४ चा दुष्काळ आणि पाठोपाठ आलेला कॉलरा यांनंतर शहराने द्युरांस नदीचे पाणी सुमारे ८० किलोमीटरच्या कालव्याने आणायचे ठरवले. अभियंता माँत्रिशे याने वाटेतल्या दरीवर १८४७ पर्यंत रॉकफाव्हूरचा जलसेतू बांधला. त्याच्या तीन थरांच्या कमानी रोमन जलसेतूंसारख्या आहेत, आणि सुमारे ८३ मीटर उंचीमुळे प्रसिद्ध रोमन पाँ द्यू गार त्याच्यापुढे ठेंगणा ठरतो. १८४९ मध्ये पाणी शहरात पोहोचले. ज्या उंचवट्यावर ते आले तिथे पुढे १८६९ मध्ये लाँशां प्रासाद उभा राहिला. त्याला प्रासाद म्हणतात, पण त्यात राजा कधीच राहिला नाही. दोन टोकांना दोन संग्रहालये, त्यांना जोडणारी अर्धवर्तुळाकार स्तंभावली, मधोमध शेवाळलेल्या दगडी बैलांमधून कोसळणारा धबधबा, आणि या सगळ्याखाली पाण्याची टाकी. नळाला पाणी आल्याचा एवढा मोठा दगडी सोहळा दुसरीकडे मी पाहिलेला नाही.

या प्रासादाचा वास्तुकार आंरी-जाक एस्पेरांदिए तेव्हा तिशीत होता. शहरावर राज्य करणारी टेकडीवरची नोत्र-दाम द ला गार्द ही वास्तूही त्याचीच. स्वतः प्रोटेस्टंट असूनही मेरीमातेचे हे कॅथलिक मंदिर त्याला मिळाले; १८५३ मध्ये पायाभरणी आणि १८६४ मध्ये अभिषेक झाला. शैली नव-बायझंटाईन, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलच्या चर्चवरून घेतलेले घुमट, गोल कमानी, सोनेरी मोझेइक आणि पांढऱ्या-हिरव्या दगडांचे आळीपाळीचे पट्टे. उत्तरेत फ्रेंच कॅथीड्रले टोकदार गॉथिक असताना इथे ही पूर्वेची भाषा का, याचे उत्तर गोदीत आहे. पूर्वेकडे जाणारी बोट ज्या शहरातून सुटते ते पूर्वेचे दार आहे, असे मार्सेयला दाखवायचे होते. याच कारणाने नव्या गोद्यांच्या बरोब्बर वर, शहराच्या मध्यभागी नव्हे तर किनाऱ्याच्या कडेला, ला मजोर हे तशाच पट्ट्यांचे अवाढव्य कॅथीड्रल १८५२ ते १८९३ या काळात बांधले गेले. त्यासाठी जुन्या रोमनेस्क, म्हणजे जाड भिंती आणि गोल कमानींच्या मध्ययुगीन शैलीतल्या, कॅथीड्रलचा मोठा भाग पाडला. उरलेला तुकडा नव्याच्या कुशीला अंग चोरून उभा आहे.

नोत्र-दामच्या मनोऱ्यावरची ११ मीटरहून उंच, सोन्याचा वर्ख दिलेली तांब्याची मूर्ती १८७० मधली आहे, आणि मार्सेयकर तिला ‘बॉन मेर’ म्हणजे ‘चांगली आई’ म्हणतात. आत गेल्यावर भिंती नवसाच्या संगमरवरी पाट्यांनी भरलेल्या दिसतात आणि छतापासून छोट्या छोट्या लाकडी गलबतांच्या प्रतिकृती दोऱ्यांनी लटकत असतात. वादळातून वाचलेल्या खलाशांनी फेडलेले हे नवस. बांद्र्याच्या मोतमावलीला मेणाची घरे आणि बाहुल्या वाहणाऱ्या मुंबईकराला हे मुळीच परके वाटणार नाही. बाहेरच्या भिंतीवर गोळ्यांच्या खुणा आहेत. त्या ऑगस्ट १९४४ मध्ये जर्मनांकडून ही टेकडी घेताना झालेल्या लढाईच्या.

त्या युद्धाने जुन्या बंदराचा उत्तर काठ संपवला. जानेवारी १९४३ मध्ये जर्मन सैन्य आणि फ्रेंच पोलीस यांनी मिळून वस्तीला वेढा घातला, २०,००० च्या आसपास रहिवाशांना बाहेर काढले, शेकडो ज्यूंना मृत्युछावण्यांकडे पाठवले आणि फेब्रुवारीत सुमारे १,५०० इमारती सुरुंग लावून पाडल्या. अरुंद गल्ल्यांची ही वस्ती नाझींना गुन्हेगारांचे बीळ वाटत होती. नगरभवन आणि मोजक्या जुन्या वास्तू तेवढ्या वाचल्या. ऑगस्ट १९४४ मध्ये माघार घेताना जर्मनांनी बंदराच्या तोंडावरचा १९०५ चा वाहक पूलही उडवला. दोन्ही काठांवर लोखंडी मनोरे, त्यांना जोडणारी उंच तुळई आणि तिला तारांनी टांगलेला, माणसे व गाड्या नेणारा पाळणा असा तो होता, म्हणजे शिडांची जहाजे खालून बिनधोक जात. एक मनोरा पडला, दुसरा पुढच्या वर्षी पाडण्यात आला.

वाचलेल्या घरांपैकी ओतेल द काब्र हे १५३५ मधले एका व्यापाऱ्याचे घर, शहरातले सर्वांत जुने. १९५० च्या दशकात वास्तुकार फर्नां पुइयाँ यांच्या देखरेखीखाली घडीव दगडांच्या नव्या इमारती उभ्या राहत होत्या आणि रस्त्यांची आखणी बदलली होती. जुने घर नव्या रस्त्याशी जुळेना. तेव्हा १९५४ मध्ये ते अख्खे घर पायापासून सोडवून, उचलून, नव्वद अंशांत फिरवण्यात आले. मार्सेयमध्ये एखाद्या इमारतीचे तोंड शब्दशः फिरवल्याचे हे एक उदाहरण. आज कोपऱ्यावर उभे राहून त्याच्या गॉथिक खिडक्यांच्या चौकटी न्याहाळाव्यात. चार शतकांहून अधिक काळ ज्या बाजूचे ऊन त्यांनी पाहिले ती बाजू आता त्यांच्यासमोर नाही.

युद्धानंतरच्या घरटंचाईतूनच ल कॉर्ब्युझिए यांची ‘सिते रादियूझ’ जन्मली. १९५२ मध्ये पूर्ण झालेल्या, काँक्रीटच्या जाड पायांवर उभ्या या इमारतीत ३३७ घरे आहेत. बहुतेक घरे दुमजली असून आरपार जातात, म्हणजे एका तोंडाला सकाळचे आणि दुसऱ्या तोंडाला संध्याकाळचे ऊन मिळते. मधल्या मजल्यावर दुकानांची गल्ली आणि गच्चीवर मुलांची शाळा. लोकांनी तिला ‘खुळ्याचे घर’ असे नाव ठेवले. २०१६ मध्ये युनेस्कोच्या यादीत तिचा समावेश झाला, त्याच नोंदीत चंडीगडचे कॅपिटॉल संकुलही आहे.

२०१३ मध्ये मार्सेय युरोपची सांस्कृतिक राजधानी होते. त्या वर्षी सेंट जाँ किल्ल्याशेजारी, जुन्या गोदीच्या धक्क्यावर भूमध्य संस्कृतींचे संग्रहालय उघडले. वास्तुकार रुडी रिक्कोती यांनी ७२ मीटर बाजूचा चौरस घेतला आणि समुद्राकडच्या बाजूंवर तंतुमिश्रित अतिमजबूत काँक्रीटची, पोवळ्यासारखी काळपट जाळी पांघरली. जाळीमागच्या उतारावरून चढताना फरशीवर सावल्यांचे ठिपके हलत असतात आणि प्रत्येक छिद्रातून पाण्याचा वेगळा तुकडा दिसतो. छतावरून ११५ मीटर लांबीचा, कठडाही काँक्रीटचाच असलेला चिंचोळा पूल थेट किल्ल्याच्या तटात शिरतो. मिस्त्राल वाहत असला तर या पुलावर टोपी हातात धरूनच चालावे लागते. खाली दोन्ही बंदरांच्या मधले पाणी असते, समोर लुईच्या तटबंदीत पाडलेली वाट. ज्या किल्ल्यात वर्षानुवर्षे सामान्य मार्सेयकराला पाऊल ठेवता येत नव्हते, तिथे आता दुपारी शाळेची मुले डबे उघडून बसलेली दिसतात.